भाऊजी, गाडी खाली कशी आणायची?

भाऊजी, गाडी वर कशी चढवायची हा वाद मी जिंकला होता. खाली कशी आणायची हा वाद ऐन रंगात आला आणि तुम्ही उठून गेलात, ते गेलातच. भांडण अर्धं टाकून जायची तुमची खोड जुनी. पण एरवी "उद्या बोलू वहिनी" म्हणायचात आणि दुसऱ्या दिवशी चहाला हजर व्हायचात. या वेळीही तेच म्हणालात. चहा मी ठेवलाही होता. मग तुमच्या घराकडून धाकटीचा आवाज आला आणि चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

माझी धाकटी जाऊ अजून नीट जेवत नाही. पुण्याहून आलेला तुमचा महेश दिवसभर फोनवर असतो. आणि माझ्या अंगणातल्या कोब्यावर तुमची लाल गाडी चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढून बसलेली, चाकं अधांतरी. सुतकात भेटायला येणारे आधी तुमच्या फोटोला हात जोडायचे आणि मग हळूच माझ्या अंगणाकडं वळायचे. खरं सांगते, फोटोपेक्षा गाडीपुढं गर्दी जास्त होती. एकानं तर वाकून खाली पाहिलं आणि मला विचारलं, "आबा हिच्याखालीच गेले का?" म्हणलं, न्हाई बाबा, आबा खाटंवर गेले, छातीत कळ येऊन. त्याचा चेहरा पडला. फुकट आल्यासारखा.

फाट्यावर तुमचा मोठा फलक लागलाय. पांढरे कडक कपडे, काळा चष्मा. दानशूर, लोकनेते, गोरगरिबांचे कैवारी. तो चष्मा लावला की तुम्हाला समोरचा माणूसच नीट दिसायचा नाही, गरीब की श्रीमंत ते लांबच. पण मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तोंडावर बोलत होते तेच बोलतेय, त्यामुळं मला त्यात काही वाईट वाटत नाही.

ही गाडी घ्यायची बुद्धी तुम्हाला कुठून झाली? तुमच्या विरोधातल्या माणसानं उंच, काळी, सात जणांची गाडी घेतली. तुम्ही म्हणालात, तसली तर आता सगळ्यांकडंच हाय, आपल्याकडं अशी पाहिजे की अख्ख्या तालुक्यात न्हाई. आणि आणलीत ही. दोन माणसांची. अहो, राजकारण करणाऱ्या माणसाची दोन माणसांची गाडी. कार्यकर्ते काय डोक्यावर बसवणार होतात? बसताना तुम्ही बसायचा नाहीत, पडायचात. उतरताना दोघं लागायचे. एक हात धरून ओढायला आणि दुसरा "आबा, सावकाश" म्हणायला.

केजच्या गफूरमामूंनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा गॅरेजभर हसले होते. "आबा, ये गाडी नै, घोरपड है. पेट जमीन को लगाके चलती." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मामूंच्या पोटात काही राहत नाही, दुसऱ्या दिवशी बाजारात सगळे तुम्हाला विचारायला लागले, आबा, घोरपड कशीय? त्यामुळं युसूफ वडगावच्या गतिरोधकावर गाडीचं पोट कर्रकन घासलं आणि खालचा पत्रा सुटून लोंबायला लागला, तेव्हा तुम्ही ती केजला नेली नाही. पत्रा रस्त्यावर खरडत घरी आणलीत. मागं कुत्री लागलेली. म्हणालात, चार तर बोल्ट हायत, मीच आवळतो. मामूला हसायला देणार न्हाई.

बोल्ट आवळायला गाडीखाली जायला पाहिजे. गाडीखाली जायला गाडी वर पाहिजे. इथून आपलं भांडण सुरू झालं.

तुम्ही दारात आलात आणि म्हणालात, वहिनी, तुमचा पाटा द्या जरा. मला वाटलं पूजेला लागत असेल. थोड्या वेळानं तुमच्या अंगणात येऊन बघते तर मऊ मुरमावर माझा पाटा, पाट्यावर ट्रॉलीचा जुना आट्यांचा जॅक, आणि त्यावर गाडीचं एक अंग उचललेलं. पुढं काही बोलायच्या आत गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. पाट्याचे दोन तुकडे झाले, जॅक आडवा झाला, गाडी धप्पकन खाली. आत डोकं घालायला तुम्ही वाकलाच होतात. पोटामुळं वाकायला वेळ लागला. भाऊजी, त्या पोटाला मी आयुष्यभर नावं ठेवली, त्या दिवशी त्यानंच तुम्हाला वाचवलं.

आणि तुम्ही काय म्हणालात? "पाट्यात दम राहिला न्हाई, वहिनी."

माझ्या सासूबाईंनी त्यावर जन्मभर वाटण वाटलं. मी वाटलं. त्यात दम नव्हता, आणि तुमच्या अकलेत होता.

पण तुम्हाला तरी काय म्हणायचं. आपल्या सगळ्या खानदानाला चाक बदलायची एकच पद्धत माहीत. उसाच्या फडात ट्रॉली बसली की सापडेल तो दगड, त्यावर जॅक, जॅकवर ओंडका, आणि एकानं खाली शिरायचं. वाचला की त्याला अनुभव म्हणायचं. या अनुभवात मीही होते, आणि कशी होते ते तुम्ही प्रत्येक लग्नात पंगतीला सांगायचात, तेव्हा आता मीच सांगते, निदान तुमच्यासारखं वाढवून सांगणार नाही.

लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही हाफ पँटीत होतात. भाकरी घेऊन मी फडावर गेले, तर तुमच्या दादांची ट्रॉली चिखलात पंक्चर. ट्रॅक्टर ट्रॉलीपासून सोडवून ट्यूब आणायला नेलेला. दोन चाकांची ट्रॉली, मागं झुकू नये म्हणून पुढच्या दांडीवर वजन पाहिजे. दादा म्हणाले, हिला बसवा. ती हिरव्या साडीतली बया इतकी खूश झाली की विचारू नका. सासरी आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिला काम सांगितलं होतं ज्यात भांडी नव्हती. दांडीवर पदर सावरून बसली. वजनाला कमी पडू नये म्हणून मांडीवर एक दगडही घेतला, आपण होऊन. फोटो काढायला उभं केल्यासारखी सरळ बसली होती, आणि नवरा चाकापाशी ट्रॉलीखाली.

जॅक चिखलात रुतला. ट्रॉली मागं कलली, दांडी वर गेली, दांडीबरोबर बया वर गेली, दगड कुठं गेला माहीत नाही. तुमचे दादा लोळत बाहेर आले, तोंडात माती. थुंकून पहिलं वाक्य बोलले, "नीट बसता येत न्हाई का?"

आणि ती येडी म्हणाली, चुकलं.

चुकलं म्हणाली, भाऊजी. वर त्या दिवसापासून एक भाकरी जास्त खायला लागली, पुढच्या वेळी वजन पुरावं म्हणून. ती दिसली असती तर आज मी तिच्या कानाखाली वाजवली असती. नवऱ्याचा जीव दगडावर आणि बायकोच्या वजनावर ठेवतात, हे चूक आहे, एवढं कळायला तिला सून येईपर्यंत वेळ लागला.

म्हणून पाटा फुटल्यावर मी तुम्हाला सांगितलं, गाडी माझ्या कोब्यावर आणा. सोयाबीन वाळवायला केलेला, सपाट, कडक, जॅक रुतायचा नाही. तुम्ही म्हणालात, बाईमाणसानं आता गाडीतलं बी शिकवायचं का. मी नातीला पुण्याला फोन लावला. तिनं फोनवर चित्रफिती पाठवल्या. एका गोऱ्या माणसाची अशीच बसकी गाडी, त्याच्याच घरी, आणि तो ती उचलतोय, हळू, अंड्यांची पाटी उचलावी तशी. मी चष्मा लावून सगळं बघितलं. भाषा कळली नाही. हात कळत होते.

तुम्ही मात्र गाव जमवलं होतं. धोतरं खोचून सगळे गाडीभोवती उभे, धरा रे, उचला रे, आणि तुम्ही मधी हात वर करून. मी काठी घेऊन आले. म्हणलं, उचलाल, पण धरून किती येळ राहाल? एकाला शिंक आली तर? सगळे आधी हसले, मग एकमेकांकडं बघायला लागले, कुणाला सर्दी आहे का ते.

तेव्हापासून तुमचं तोंड फुगलेलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात, गॉगल लावून. पण गफूरमामूंकडून चाकांवर सरकणारा लांब बसका जॅक आणि चार घोड्या आणायला माणूस तुम्हीच पाठवलात, तेही "वहिनीला पाहिजेत" म्हणून. माझ्या नावावर मामूंचं हसू घेतलंत.

त्या बसक्या जॅकचंही डोकं गाडीखाली जाईना, इतकी ती जमिनीला चिकटलेली. तेव्हा मी गोठ्यातल्या जुन्या फळ्या आणल्या, चाकांपुढं टाकल्या, आणि गाडी हळूच त्यांवर चढवायला लावली. तेवढ्यानं जॅक आत सरकला. हातब्रेक मागच्या चाकांना धरतो, म्हणून आधी पुढची बाजू. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी. जॅक पत्र्याला नाही, मधल्या जाड लोखंडाला. गाडीच्या पुस्तकात चित्र होतं, ते पुस्तक तुम्ही उघडलंही नव्हतं, त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागद तसाच होता. पुढं दोन घोड्या, गाडीच्या कडेला जिथं पत्रा दुमडून जाड केलेला असतो तिथं, मधे रबराचे तुकडे. मग मागची बाजू. चारी घोड्यांवर बसल्यावर मी म्हणाले, आता धक्का मारा.

तुम्ही म्हणालात, "आता कावून? चढली की."

"खाली शिरल्यावर हलण्यापरीस आत्ता हललेली बरी."

खुर्चीवरून उठून तुम्ही स्वतः खांदा लावला. हलली नाही. तेव्हा गॉगल काढून माझ्याकडं बघितलंत, एकच क्षण, जसं हाफ पँटीत असताना चोरून दिलेल्या गुळाकडं बघायचात. मग लगेच परत लावलात.

गोणपाट टाकून तुम्ही आत गेलात. बाहेर फक्त पाय. आतून पाना वाजत होता, शिव्या येत होत्या, आणि मधेच आवाज बंद झाला. मी विचारलं, काय झालं. आतून म्हणालात, "काय न्हाई. हितं लई गार वाटायलंय. दादाला बी ट्रॉलीखाली असंच वाटलं असंल का, वहिनी?"

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही त्यांचं नाव असं मधेच कधी काढायचा नाहीत. मला काहीतरी मऊ बोलता आलं असतं. मी म्हणाले, "त्यांच्या तोंडात माती व्हती. त्यांना काय वाटणार?"

तुम्ही आत हसलात. गाडीच्या पोटाखालून हसू आलं, घुमून, मोठं होऊन. ते बरं वाटलं, हे तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. बोलण्यासारखं काही बोलायचं असलं की माझं तोंड टोमणाच काढतं, हे तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्ही चहाला येत होतात, असं आता मी धरून चालते.

एक बोल्ट मिळेना, तो दुसऱ्या दिवशी आणायचा ठरला. फळ्या चाकांखालून काढून मी सांडगे वाळवायला नेल्या. जाता जाता तुम्ही थांबलात आणि गाडीकडं बघून म्हणालात, वहिनी, आता खाली कशी आणायची? फळ्या काढल्या तुमी. चाकं कोब्याला टेकली की पोट जॅकवर बसंल, जॅक आत अडकून राहील, निघायचा न्हाई.

मी म्हणाले, जशी चढवली तशी उतरंल.

"न्हाई वहिनी. चढवायचं येगळं आन् उतरवायचं येगळं."

"जॅक तुमच्या डोस्क्यात अडकलाय, भाऊजी."

"बरं," म्हणालात. "उद्या बोलू."

हे आपलं शेवटचं बोलणं. लोकांची शेवटची बोलणी किती छान असतात. पाणी मागतात, सांभाळून राहा म्हणतात. आपलं जॅकवर झालं.

तेराव्यानंतर महेशला पुण्याला परत जायची घाई. गाडी घेऊन जातो म्हणाला, पत्र्याला तीन बोल्ट बास हायत. काल सकाळी अंगणात माणसं जमवली, आणि मला म्हणाला, मोठ्याई, तुमी बसा, आमी सगळे मिळून उचलतो, मी खाली हात घालून घोड्या वढून घेतो, पाच मिनिटाचं काम हाय. अगदी तुमचा आवाज. हात वर करून उभं राहायची रीतही तुमची. मला वाटायचं तुमचा मूर्खपणा तुमच्याबरोबर जाईल. वारसाहक्कानं उतरलाय.

धाकटी तुमच्या ओट्यावर बसली होती. इतके दिवस ती कुणाकडंच बघत नव्हती. महेश गाडीपाशी वाकला तेव्हा ती उठून उभी राहिली. नुसती उभी राहिली, भिंतीला हात लावून.

मी महेशचा दंड धरला. म्हणलं, "म्हेशा, ज्या हातानं बापाला अग्नी दिला, त्यो हात त्या गाडीखाली घालायचा न्हाई. माझ्या कोब्यावर तर न्हाईच."

तो सरळ झाला. माणसंही मागं सरली. एकजण म्हणाला, मोठ्याई रागावल्या. रागावले नव्हते. त्याचा दंड मात्र मी अजून सोडला नव्हता.

मग माझ्या हुकमानं काम सुरू झालं. मागून जॅक आत, मधल्या जाड लोखंडाला, मागची बाजू घोड्यांवरून बोटभर वर. घोडीच्या पायाला बाहेरून दोर बांधून ओढली, एकेक करून, कुणाचाही हात आत नाही. आता जॅकचा दाब सोडायचा. महेशनं दांड्याला हात लावला, आणि मी खाली बघितलं.

जॅकचं लांबलचक धड गाडीच्या पोटात गेलेलं. वर गाडी. गाडी खाली आली की मधे जागा उरते कुठं.

म्हणलं, थांब.

सगळे थांबले. मी खाली बघतच राहिले. लोकांना वाटलं म्हातारीला दिराची आठवण झाली, एका बाईनं पाणी आणलं. आठवण कसली. मी हिशेब करत होते. पुनःपुन्हा तेच उत्तर येत होतं. तुम्ही बरोबर होतात. भाऊजी, तुम्ही गेलात हे मी कसंबसं पचवलं होतं, पण तुम्ही बरोबर होतात हे घशातून खाली उतरेना. अख्ख्या आयुष्यात एकदा बरोबर बोललात, आणि ते मला सांगायला मिळू नये अशा वेळी.

गोठ्याकडं माणूस पाठवला, फळ्या मागवल्या. मागच्या दोन्ही चाकांखाली फळ्या सरकवल्या, काठीनं, हातानं नाही. मग म्हणलं, सोड, सावकाश. गाडी फळ्यांवर टेकली आणि जॅकच्या डोक्यावर जागा राहिली. ओढला, निघाला. पुढच्या बाजूला तसंच. महेश बघत होता. म्हणाला, "मोठ्याई, हे फळ्यांचं तुमाला कसं सुचलं?"

"मला न्हाई. तुझ्या बापाला सुचलं व्हतं."

फोन वाजत होता, तो त्यानं खिशातून काढून बंद केला आणि परत खिशात ठेवला.

मग गाडीत पडला, तुमच्यासारखाच, पाठ लावून, आणि गाडी हळूच फळ्यांवरून कोब्यावर उतरवली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाला वाजवायच्या ते यांना कधी कळलं नाही, फलकांच्या उद्‌घाटनालाही वाजवतात.

वाद तुम्ही जिंकलात. मला हे तोंडावर सांगायचं होतं, चहा पुढं ठेवून, आणि तुमचं फुगलेलं तोंड बघून लगेच पुढचं भांडण काढायचं होतं. आता मला सगळे मोठ्याई म्हणतात, आजी म्हणतात, धाकटी ताई म्हणते. "वहिनी" म्हणणारा एकच उरला होता. तो शब्द ऐकला की ती हिरव्या साडीतली येडी अजून कुठंतरी दांडीवर बसलीय असं वाटायचं. मी तिला नावं ठेवते, पण तिला बघितलेला माणूस आता कुणी नाही.

महेश बॅग आणायला घरात गेला. माणसं पांगली. मी गाडीपाशी बसले, कोब्यावर हात टेकून, आणि खाली वाकले. आत माझा पंजाही नीट शिरत नव्हता. मान खाली घालून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले.

धाकटी येऊन मागं उभी राहिली होती. म्हणाली, "ताई, काय बगायलाव?"

म्हणलं, "आत कुणी राहिलं न्हाई ना, ते."

ती माझ्या शेजारी बसली, आणि तिनंही वाकून बघितलं.